पुरेची घंटा

लहान मुलांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. पावसाळ्यात आमच्या दाराशी चपला साठतात ना, तसेच! संध्याकाळी शटर ओढायला जावं तर एखादी चप्पल उरलेलीच असते आणि ती कुणाची ते आठवत बसावं लागतं. मी कसालच्या अशा एका दवाखान्यात कामाला आहे. नंबर लावणं, नावं पुकारणं, इंजेक्शनच्या वेळी पाय धरणं (पोरांचे! डॉक्टरांचे नव्हे!) आणि वजन करणं ही माझी कामं. वजनकाटा माझ्या खुर्चीला लागूनच आहे. त्यामुळे जाड्या-बारक्यांचे सगळे किस्से पहिल्यांदा माझ्याकडेच येतात.

पूर्वी हे किस्से मी घरी जाऊन सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. हल्ली सांगताना माझा आवाज मधेच बारीक होतो. मी मुळात घाबरट बाई आहे. पण आता घाबरायला कारणही आहे.

*

फोंडाघाटहून एक बाई आल्या. सोबत मुलगा. मुलगा कसला, गुळाची ढेप! बाईंनी दवाखान्यात बोलायची खास मराठी काढली, "डॉक्टर, हा काहीच खात नाही हो. अगदी काहीच नाही! मला तर फार काळजी लागून राहिलीये."

हे चालू असताना मुलाचा हात बाजूच्या आजींच्या पिशवीत होता. आजींनी नातवासाठी आणलेला खाजा तो एकेक करून संपवत होता. आजी बिचाऱ्या डोळ्यांनी अधू, त्यांना वाटलं आपलाच नातू खातोय. त्या अधूनमधून मायेने म्हणत होत्या, "खा रे माझ्या बाबा, खा!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "काहीच खात नाही?"

"शप्पत!"

"मग एवढा वाढला कशावर? हवेवर?"

बाई गडबडल्या आणि खास मराठी सुटली. "तसा नाय डॉक्टर... आमच्याकडची हवाच बरी आसा. घाटाखाली मां!"

तेव्हापासून दवाखान्यात कुणी गुबगुबीत पोर आलं की डॉक्टर मला हळूच विचारतात, "हवा कुठची?"

*

दुसरी गोष्ट दिष्टीची. आमच्याकडे पोराचं वजन मोठ्याने सांगायचं नाही. दृष्ट लागते! कुणाचं पोर बाळसेदार असलं तर तोंडाने "बारीक झालांहा गो" म्हणायचं, ही रीत. मी नवीन असताना आकडा खणखणीत आवाजात सांगायचे. मग एकदा खारेपाटणकडच्या एका आजीने माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"आकडो मोठ्यान सांगा नको! मनात ठेव आणि मनातच डॉक्टराक सांग!"

आता मनातल्या मनात डॉक्टरांना कसं सांगणार? मी कागदावर लिहायला लागले. त्या आजी मात्र दर खेपेला यायच्या आणि नातू काट्यावर उभा राहिला की काट्याच्या आकड्यांवर पदर टाकायच्या. कुणी बघायला नको! शेवटी पदर इतका घट्ट दाबला गेला की काटा बंद पडला. आकडे जाऊन नुसत्या रेघा दिसायला लागल्या.

आजी ओरडल्या, "बघ! माझ्या नातवाक नाय लागली म्हणान काट्याक लागली!"

दवाखाना हसत होता, मीही हसले. तेव्हा मला ही गंमतच वाटायची. आता माझी मुलगी गार्गी काट्यावर चढते तेव्हा मीच डोळे मिटते. कुणी पदर टाकला तर बरं, असं वाटतं. गार्गी पहिलीत आहे. तिचा वजनाचा आकडा चौथीतल्या मुलांनाही भारी जाईल असा आहे.

आपल्याकडे म्हणतात, पोराने बाळसं धरलं. पण धरलेलं बाळसं सोडायचं कधी, ते काही कुणी सांगून ठेवलेलं नाही.

*

आता आमच्या घरातला किस्सा.

माझा नवरा प्रकाश, सासूबाई, गार्गी आणि मी, एवढं आमचं घर. सासूबाईंना सगळा गाव आये म्हणतो, मीही आयेच म्हणते. माझ्या सासरची सगळी माणसं अंगापिंडाने भारी. लग्नात फोटोग्राफर "जरा जवळ या, जरा जवळ या" म्हणत मागे मागे सरकत गेला, तरी सगळे फोटोत मावेनात. शेवटी तो अळवाच्या वाफ्यात जाऊन बसला. अळू मोडलं म्हणून आयेने त्याला जेवायला वाढून पाठवलं आणि वर अळूच वाढलं.

या घराण्यात सगळ्यांत भारी होता प्रकाशचा थोरला भाऊ, बाबलदादा. त्याचे किस्से आमच्याकडे प्रत्येक जेवणावळीत निघतात. लहानपणी त्याची भूक सरतच नसे. खाणं आटोक्यात राहावं म्हणून आयेने फडताळाला कुलूप लावलं. तर हा काजूच्या बागेत जाऊन बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खायचा. पिकला, अर्धाकच्चा, हिरवा, मिळेल तो! आता काजूचा बोंडू कच्चा खाल्ला की घसा असा काही धरतो की विचारू नका. एकदा शाळेत गुरुजींनी विचारलं, "काय रे बाबल, आवाज खंय गेलो तुझो?"

दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वाटेत भूक आडवी इली, गुरुजी!"

यावर सगळे अजूनही हसतात. आये कधीच हसत नाही. बाबलदादाला तरुणपणीच साखर झाली, मग हृदयाचं दुखणं निघालं. चाळिशीच्या आतच तो गेला. मी या घरात आले त्याच्या आधीची ही गोष्ट. गार्गीचा तर तेव्हा जन्मही नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मी दुपारी घरी आले तर गार्गी मागच्या पायरीवर बसली होती. फ्रॉकवर तपकिरी डाग. बोंडवाचे डाग मी ओळखते, ते मेले धुऊनसुद्धा जात नाहीत. विचारलं, "काय गो, काय खाल्लंस?" तिचा आवाजच फुटेना. ओठ सुजलेले.

"घसो दुखता मां?" मी म्हटलं.

मान हलवून ती कशीबशी म्हणाली, "दुखता. पण भूक त्याच्यापेक्षा जास्त दुखता."

तिला बाबलदादाचा किस्सा कुणी सांगितलेला नव्हता. मी सगळ्यांना विचारलं. एकेकाला, दोन-दोनदा विचारलं. कुणीच सांगितला नव्हता. त्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले.

*

मग मी शिस्त लावायचं ठरवलं. दवाखान्यात काम करणारी बाई! दुसऱ्यांना शहाणपणा सांगते, तर घरात नको? गार्गीचा डबा निम्मा केला. भाकरीचा छोटा चतकोर, भाजी आणि काकडी.

पहिल्या दिवशी डबा चाटूनपुसून आला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला. मी प्रकाशला म्हटलं, "बघितलंस? पोरांना सवय लावावी लागते!"

त्याच आठवड्यात गार्गी शाळेतून अनवाणी आली. रस्ता तापलेला, पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत येतंय!

"चपला खंय?"

"वर्गातल्या नेहाक दिलंय."

"कित्या?"

"तिच्या डब्यात घावणे होते!"

त्याआधीच्या दिवसांत खोडरबर, रंगपेटी आणि केसांचे क्लिप गेले होते. मला पत्ताच नव्हता. डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात शाळेतल्या बाईंचा फोन आला. अगदी अदबीने, चाचरत बोलत होत्या. "गार्गीची आई ना? रागावू नका हं... घरी काही अडचण आहे का? म्हणजे, धान्य वगैरे?"

माझी ही ढोली पोर, आणि गावात बोभाटा काय, तर आई उपाशी ठेवते! बाजारात एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालीच, "दवाखान्यात नोकरी करता आणि पोराच्या पोटाक देणा नाय!"

त्यातही मला खरं लागलं ते वेगळंच. वर्गातली पोरं गार्गीला हावरी म्हणतात. घरी येऊन तिने मला विचारलं, "आई, हावरी म्हणजे काय?" मी म्हटलं, "काय नाय. ज्येका भूक लागता तो." ती म्हणाली, "मगे मी आसंयच!"

*

शेवटी तिला डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. एरवी तो माझा रोजचा दवाखाना. पण त्या दिवशी मीही रांगेत नंबर लावला. सोबत आये. नंबर आला तसं मी नेहमीच्या आवाजात पुकारलं, "गार्गी!"

कुणी उठेना. मी पुन्हा पुकारलं, "गार्गीची आई! कुठे गेल्या गार्गीची आई?"

आये म्हणाली, "अगो, ती तूच मां!"

सगळे हसले. मी मात्र गार्गीला पुढे घालून आत गेले.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मानेशी थांबले. गार्गीच्या मानेला मागून काळी वळी आहे. आम्हाला वाटायचं मळ साठतो. आये तिला रोज न्हाऊ घालताना काथ्याने घासायची. डॉक्टर म्हणाले, "हा मळ नाही. घासून जाणार नाही. साखर पुढे त्रास देणार, त्याची ही खूण असते."

आयेने गार्गीच्या मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबलाची पण मान अशीच होती. मी घासून घासून तेचा रगात काढलंय."

 गार्गी डॉक्टरांच्या टेबलावरच्या खोट्या केळ्याकडे बघत होती.

मग डॉक्टरांनी समजावलं. "हे बघा, नाक येतं, उंची येते, तसं भुकेचं मापही घराण्यातून येतं. आईकडून थोडं, बापाकडून थोडं. डोक्यात दोन घंटा आहेत असं समजा. एक भूक लागली की वाजते, दुसरी पोट भरलं की. ती म्हणते, पुरे. हिची पहिली घंटा जोरात वाजते आणि पुरेची वाजत नसावी. म्हणून हिला हावरी म्हणू नका. पोर चोरी करत नाही, घंटेचं ऐकते."

माझ्या माहेरची माणसं काठीसारखी. मला वाटायचं, हे सगळं सासरचं. आता कळलं की माझ्यातूनही काहीतरी गेलेलं असू शकतं. काय गेलं, किती गेलं, ते मला दिसत नाही. याचीच जास्त भीती वाटते.

आये पुढे सरसावली. "मगे ती दुसरी घंटा बसवून घेवया! हंय जमणा नसात तर घाट चढान कोल्हापुराक जावया!"

मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काही थोड्या मुलांना त्यावर औषध असतं. हिचं तसं आहे का, ते बघायला रक्त पाठवू. पण काही सापडेलच असं नाही, आणि सापडलं तरी औषध मिळेलच असंही नाही. तोवर हातात आहे ते करायचं. घरातल्या सगळ्यांचं ताट बदला, एकटीचं नको. आणि खेळू द्या भरपूर. घराण्यातून आलं म्हणजे कपाळावर लिहिलं, असं नसतं."

मी हे शेवटचं वाक्य धरून ठेवलं. आयेने त्यातलं अर्धंच धरलं. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाली, "सुमन, आयकलंस मां डॉक्टर काय म्हणालो? घराण्यातून इला! म्हणजे घराण्याचो दोष. तो काय दवाखान्यात सुटणा नाय."

*

त्यानंतर कुलपाचा किस्सा झाला.

ताटं बदलली. नाचणीची भाकरी, भाजी, मासे तळण्याऐवजी कालवणात. प्रकाश दोन दिवस तोंड वाकडं करून जेवला. पण गार्गी दुपारी कधी गुळाचा डबा काढायची, कधी सुक्या खोबऱ्याचा. मी दवाखान्यात, प्रकाश काजूच्या फॅक्टरीत, आयेला दुपारी डोळा लागायचा. शेवटी प्रकाशने फडताळाला कुलूप आणून लावलं आणि किल्ली आयेच्या हातात दिली.

आयेने किल्ली बघितली. उठली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि विहिरीत टाकून आली!

"एकदा लावलंय मी कुलूप," ती म्हणाली. "माझो झील, बाबल, कुलपासमोर बसान रडायचो. मी म्हणायचंय, हावरो मेलो! वजन रतीभर कमी झाला नाय तेचा. नुसतो माझ्यापासना लांब गेलो. आता नातीक मी कुलूप लावचंय नाय."

 प्रकाश डोळे पुसत बाहेर गेला. मीही रडले.

रडून झाल्यावर जेवण करायला उठले, तर काय! तेल फडताळात, मसाला फडताळात, पीठ फडताळात, आणि कुलूप तसंच लागलेलं! सुताराला फोन केला तर तो लग्नाला गेलेला. बाहेर सापडले ते उकडे तांदूळ आणि मीठ. सगळ्यांनी पातळ पेज प्यायली आणि रविवारची अख्खी दुपार एकमेकांची तोंडं बघत बसलो. प्रकाशच्या पोटातून आवाज यायला लागले.

गार्गी त्याच्या पोटाला कान लावून ऐकत होती. तिचा चेहरा असा फुलला की मी कित्येक महिन्यांत तसा बघितला नव्हता.

"बाबा, तुमका पण भूक लागली? माका रोज अशीच लागता!"

*

आणि आता देवळातला.

आयेने माझं ऐकलं नाही. गावातल्या रवळनाथाला तिने कौल लावला. कौल उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार मिळाला, आणि गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "घाला की! फक्त प्रसादाचा गूळ जपून." रक्त शहरात गेलेलं होतं, काहीच कळलेलं नव्हतं. मलाही कुठेतरी हात जोडायचे होते. खोटं कशाला बोलू?

सोमवारी बारा वाजता देऊळ भरलेलं. भावकीतली माणसं, शेजारीपाजारी, सगळे. देवापुढे नारळ आणि गूळ. मी गार्गीचा हात घट्ट धरून उभी, कारण तिची नजर गुळावर. ज्याचा मान तो तातू मानकरी पुढे झाला. गाऱ्हाण्याची आमची रीत अशी की मानकऱ्याने देवाला एकेक गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणायचं. इतकी सवय झालेली असते की मानकरी काय म्हणाला याकडे निम्म्यांचं लक्षही नसतं.

तातूने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यानी, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्येंच्या घराण्यात जो काय वंशाचो दोष आसात, जाणता-अजाणता जा काय चुकला-माकला आसात, ता सगळा तुझ्या पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझ्या शेजारी आये डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते. ती बाबलदादाशी बोलत होती की देवाशी, मला कळलं नाही.

तातूला ठसका लागला. त्याने एक हात वर करून थांबायची खूण केली आणि तोंडाला उपरणं लावलं. देऊळ शांत. त्या शांततेत गार्गीने माझा हात सोडवून घेतला, दोन्ही हात जोडले आणि तातूच्याच सुरात, अगदी खणखणीत आवाजात म्हणाली,

"आणि माझी भूक पण तुझ्या पोटात घाल म्हाराजा! माझ्या पोटात ती मावणा नाय!"

आणि अख्खं देऊळ सवयीने म्हणालं, "होय म्हाराजा!"